‘पॅकि’ म्हणजे जाड : वैद्यक आणि जीवशास्त्रातले शब्द उलगडून वाचण्याची रीत

काचबिंदूच्या शंकेवरून डोळे तपासून घेतलेल्या माणसाच्या हातात जो कागद येतो, त्यावर ‘पॅकिमेट्री’ असा शब्द आणि त्याच्यासमोर ५२० किंवा ५६० यांसारखा आकडा असतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पेशीविभाजनाच्या धड्यात ‘पॅकिटीन’ भेटतो, आणि डोकेदुखी थांबत नाही म्हणून एमआरआय काढलेल्या रुग्णाच्या अहवालात ‘पॅकिमेनिंजियल’ असे काहीतरी लिहिलेले असते. हे तिन्ही शब्द सहसा एकाच माणसाच्या वाचनात येत नाहीत, त्यामुळे त्यांचे नाते लक्षात येत नाही. परंतु तिघांच्याही आरंभी एकच ग्रीक विशेषण आहे, त्याचा अर्थ ‘जाड’ असा आहे, आणि ते ओळखता आले की असे पंधरा-वीस शब्द घोकून पाठ करण्याची गरज उरत नाही. ते कसे ओळखावे, उरलेला भाग कसा सोडवावा आणि फसगत कुठे होते, हे पुढे सांगितले आहे.

आधी उच्चाराकडे पाहू. रोमन लिपीत हा घटक पी, ए, सी, एच, वाय अशा पाच अक्षरांनी लिहिला जातो, आणि ‘सीएच’ दिसताच ‘च’ वाचण्याची आपल्याला सवय असल्यामुळे पुष्कळ जण त्याचा उच्चार ‘पाची’ असा करतात. येथले ‘सीएच’ हे मुळात ‘खी’ नावाच्या ग्रीक अक्षराचे रूप आहे. प्राचीन अथेन्समध्ये हा शब्द साधारणपणे ‘पाखुस’ असा ऐकू आला असता. त्यातला ‘ख’ मराठी जिभेला सहज जमणारा आहे, पण इंग्रजीत तो स्वतंत्र वर्ण नसल्यामुळे त्याचा ‘क’ झाला आणि आपल्याकडे ‘पॅकि’ आले. शेवटचे ‘वाय’ मात्र नीट पाहावे, कारण खूण तीच आहे. ‘पचीसी’ या खेळाचे रोमन स्पेलिंग यांतल्या पहिल्या चार अक्षरांनीच सुरू होते, परंतु पुढे ‘आय’ येतो, आणि त्या नावाचा संबंध पंचविसाशी आहे. रोपवाटिकांमध्ये ‘मनी ट्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘पॅकिरा’ या झाडाचे खोड बुंध्याशी जाड असते, त्यामुळे त्याच्या नावात हाच ग्रीक घटक असावा असे कोणालाही वाटेल. पण तिथेही ‘आय’ आहे, आणि ते नाव दक्षिण अमेरिकेतल्या गयाना भागातील स्थानिक भाषेतून आलेले आहे.

दुसरी फसगत एका अक्षराने होते. ‘टॅकि’ म्हणजे जलद. हृदयाचे ठोके वाढले की होतो तो टॅकिकार्डिया. ‘ब्रॅकि’ म्हणजे आखूड. बोटे जन्मतः आखूड असली तर ब्रॅकिडॅक्टिली. श्वासनलिकेला ट्रेकिया म्हणतात, त्यातला ‘ट्रेकि’ म्हणजे खरबरीत, कारण ग्रीकांनी त्या नळीला ‘खरबरीत धमनी’ असे नाव दिले होते. छापील मजकुरात हा घोटाळा फारसा होत नाही, पण हाताने लिहिलेल्या केसपेपरवर ‘पी’ आणि ‘टी’ यांच्यात अंतर किती राहते, हे औषधांच्या दुकानात काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. शंका आली तर शब्दाचा उरलेला भाग पाहावा. त्यात एखादा थर, पडदा, हाड, कातडी किंवा धागा असेल तर ‘पॅकि’ संभवते. ठोका, श्वास किंवा अन्य काही क्रिया असेल तर ‘टॅकि’.

आता अर्थ. या बाबतीत मराठी वाचकाची स्थिती इंग्रजी वाचकापेक्षा बरी आहे. इंग्रजीत पुस्तक, आमटी आणि जंगल या तिन्हींना एकच विशेषण चालते. आपण मात्र पुस्तकाला जाड म्हणतो, आमटीला आणि जंगलाला दाट म्हणतो, आणि दही घट्ट लागले असे म्हणतो. वैद्यकातला ‘पॅकि’ जवळजवळ नेहमी यांपैकी पहिला असतो, म्हणजे या पृष्ठभागापासून त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर वाढलेले असणे. रक्त दाट होण्याला ‘पॅकिहीमिया’ म्हणण्याची पद्धत जुन्या कोशांमध्ये आढळते, पण तो शब्द आता वापरातून गेलेला आहे. आणखी एक साम्य असे, की ‘जाड’ हे विशेषण आपण वहीच्या पुठ्ठ्यालाही लावतो आणि माणसालाही, आणि ग्रीक शब्दाचेही तसेच आहे. आजच्या ग्रीक भाषेत लठ्ठपणाला ‘पाखिसार्किया’, म्हणजे शब्दशः ‘जाड-मांसपणा’, असे म्हणतात. त्यामुळे ‘पॅकि’ दिसले की मनातल्या मनात ‘जाड’ हाच साधा शब्द ठेवावा, असे माझे मत आहे. ‘स्थूल’ हा शब्द पारिभाषिक म्हणून चांगला आहे, पण ‘स्थूलमानाने’सारख्या प्रयोगांमुळे त्याला ढोबळपणाची छटा चिकटलेली आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा ग्रीक शब्द आणि संस्कृतातला ‘बहु’ ही एकाच मूळ शब्दाची दोन रूपे आहेत. मूळ शब्दात ‘भ’ आणि ‘घ’ यांसारखे दोन महाप्राण, म्हणजे ‘ह’ मिसळून उच्चारले जाणारे, वर्ण होते, आणि लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण आले तर पहिल्यातला प्राण गळतो, असा प्रकार संस्कृत आणि ग्रीक या दोन्ही भाषांमध्ये घडला. संस्कृतात ‘भ’चा ‘ब’ होऊन पुढे ‘ह’ राहिला. ग्रीकमध्ये आधी ‘फ’ झालेल्या वर्णाचा ‘प’ झाला आणि पुढे ‘ख’ राहिला. ही प्रवृत्ती १८६३ मध्ये मांडणारे हेर्मान ग्रासमान हे गणिती होते आणि त्यांनी ऋग्वेदाचा कोशही तयार केला होता. हे नाते लक्षात ठेवायला उपयोगी आहे, परंतु भाषांतर करताना ते बाजूला ठेवावे, कारण मराठी परिभाषेत ‘बहु’ हा शब्द ‘अनेक’ या अर्थाने पक्का झालेला आहे. बहुपेशीय म्हणजे अनेक पेशींचा. ‘जाड पेशींचा’ असा अर्थ त्यातून कोणीही काढणार नाही.

शब्द सोडवण्याची मुख्य रीत अशी, की तो मागून पुढे वाचावा. शेवटचा तुकडा सहसा काय घडले ते सांगतो, मधला तुकडा कुठे घडले ते सांगतो, आणि ‘पॅकि’ फक्त एवढेच सांगते की ती जागा जाड आहे. शेवटी ‘आयटिस’ असेल तर दाह, ‘ओसिस’ असेल तर एखादी स्थिती किंवा विकृती, ‘मेट्री’ असेल तर मोजमाप, आणि नुसते ‘इया’ असेल तर तसे असणे. मधल्या तुकड्यांपैकी थोडे ओळखीचे करून घेतले की बरेच काम होते. ‘डर्मा’ म्हणजे कातडी, ‘ऑनिक्स’ म्हणजे नख, ‘ऑस्टिऑन’ म्हणजे हाड, ‘केफाले’ म्हणजे डोके, ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ, ‘डॅक्टिलोस’ म्हणजे बोट, ‘मेनिंक्स’ म्हणजे पातळ पडदा, आणि ‘गायरस’ म्हणजे वळे, म्हणजेच मेंदूच्या पृष्ठभागावरची घडी. शब्द फोडून झाला की मनात एक प्रश्न विचारावा : कशाच्या तुलनेत जाड? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शब्दाला वेगळे असते, आणि खरी माहिती तिथेच असते.

मेंदूच्या आवरणांचे उदाहरण घेऊ. मेंदूवर तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे ड्युरा मेटर जाड आणि चिवट असते. आतली दोन, अरॅक्नॉइड आणि पाया, तलम असतात. म्हणून शरीररचनाशास्त्रात बाहेरच्या आवरणाला ‘पॅकिमेनिंक्स’ आणि आतल्या दोहोंना मिळून ‘लेप्टोमेनिंजेस’ म्हणतात. ‘लेप्टो’ म्हणजे पातळ, बारीक. मुंबईत पावसाचे पाणी तुंबले की ज्या आजाराची चर्चा सुरू होते त्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये हाच ‘लेप्टो’ आहे, कारण त्याचे जंतू अगदी बारीक वेटोळ्यांसारखे असतात. येथे एक गोष्ट नीट पाहावी : ‘पॅकिमेनिंक्स’मधली जाडी हा आजार नव्हे. ते आवरण शेजारच्या आवरणांच्या तुलनेत जाड आहे, आणि निरोगी माणसातही तसेच असते. त्यामुळे अहवालात ‘पॅकिमेनिंजियल’ हे विशेषण आले म्हणून काही जाड झाले आहे असे समजू नये. त्याचा अर्थ फक्त ‘बाहेरच्या आवरणाशी संबंधित’ एवढाच असतो. रंगद्रव्य देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये हे आवरण सर्वत्र उजळलेले दिसणे, ही मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब कमी झाल्याची एक खूण असू शकते; अशा रुग्णाचे डोके उभे राहिल्यावर दुखते आणि आडवे झाल्यावर बरे वाटते. याउलट ‘हायपरट्रॉफिक पॅकिमेनिंजायटिस’ असे लिहिलेले असेल तर दाह होऊन ते आवरण खरोखर जाड झाले आहे. ती वाढलेली जाडी ‘हायपरट्रॉफिक’ या शब्दात आहे. आपण ज्याला नुसते मेनिंजायटिस म्हणतो तो बहुतेक वेळा आतल्या, तलम आवरणांचा दाह असतो.

याच शब्दाच्या इतिहासात एक सावधगिरीची सूचनाही आहे. रुडॉल्फ फिरचो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये ड्युराच्या आतल्या बाजूस साचलेल्या जुन्या रक्ताला ‘पॅकिमेनिंजायटिस हेमोऱ्हाजिका इंटर्ना’ असे नाव दिले, कारण आधी आवरणाचा दाह होतो आणि मग त्यातून रक्त झिरपते, अशी त्याची समजूत होती. पुढे लक्षात आले की पुष्कळ वेळा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, डोक्याला लागलेल्या किरकोळ माराने बारीक शिरा फाटून हे रक्त साचते. आज त्याला क्रॉनिक सबड्युरल हिमाटोमा म्हणतात. जुना ग्रंथ वाचताना शब्द अचूक फोडला तरी त्यातला ‘आयटिस’ खरा असेलच असे नाही. नाव देणाऱ्याला त्या काळी जे वाटले ते नावात राहून जाते.

पेशीविभाजनातला ‘पॅकिटीन’ याच पद्धतीने सुटतो. ‘टीन’ हा तुकडा फीत किंवा पट्टी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. पट्टकृमीच्या ‘टीनिया’ या नावातही तोच आहे. अर्धसूत्री विभाजनाच्या, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या, पहिल्या पूर्वावस्थेत गुणसूत्रे आधी बारीक धाग्यांसारखी दिसतात, ती लेप्टोटीन. मग समजात गुणसूत्रे, म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून आलेली एकसारखी गुणसूत्रे, जोडीने जवळ येतात, ती झायगोटीन. ‘झायगो’ म्हणजे जोखड, जू. जोडी टोकापासून टोकापर्यंत जुळली आणि धागे आखडले की सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा धागा जाड होतो, ते पॅकिटीन. पुढे जोडी सुटू लागते आणि प्रत्येक धाग्याचे दुहेरीपण स्पष्ट होते, ते डिप्लोटीन. नावांचा हा क्रम म्हणजे बारीक, जोडलेला, जाड, दुहेरी असे चार साधे शब्द आहेत. हे कळल्यावर परीक्षेसाठी वेगळी क्लृप्ती लागू नये. हिंदी पाठ्यपुस्तकांत यांना तनुपट्ट, युग्मपट्ट, स्थूलपट्ट आणि द्विपट्ट असे प्रतिशब्द दिलेले आहेत, आणि ते मुळाशी इतके इमानी आहेत की मराठीतही खुशाल वापरावेत. जाड दिसणे ही येथे नुसती वर्णनाची बाब नाही. याच अवस्थेत जोडीदार गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते, आणि धागे पुरेसे जाड व लांब असल्यामुळे त्यांच्यावरच्या खुणा ओळखता येतात. बार्बरा मॅक्लिंटॉक आणि हॅरिएट क्रायटन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मक्याच्या नवव्या गुणसूत्राच्या टोकावरची अशी एक गाठ खूण म्हणून वापरली आणि गुणसूत्रांचे तुकडे प्रत्यक्षात बदलले जातात हे १९३१ मध्ये दाखवून दिले.

जाडीची गल्लत तीन-चार शेजारच्या कल्पनांशी होते, आणि भाषांतरात मला सर्वाधिक चुका येथेच दिसतात. ‘मॅक्रो’ आणि ‘मेगा’ म्हणजे मोठे. मॅक्रोग्लॉसियामध्ये सगळी जीभ मोठी असते, पॅकिग्लॉसियामध्ये ती जाड असते. ‘स्क्लेरो’ म्हणजे कठीण. स्क्लेरोडर्मात कातडी ताठर होते, ती जाड असेलच असे नाही. ‘पिक्नो’ म्हणजे दाट, घट्ट दाबलेले. मरणाऱ्या पेशीचे केंद्रक आक्रसून गडद होते त्याला पिक्नोसिस म्हणतात, आणि त्यात केंद्रक उलट लहान होते. हा फरक हाडांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतो. समुद्री गायी, म्हणजे मॅनाटी आणि आपल्याकडे मन्नारच्या आखातात व पाल्कच्या उपसागरात आढळणारा ड्युगाँग, यांच्या फासळ्या दोन प्रकारे बदललेल्या असतात : बाहेरच्या बाजूने हाडाची भर पडून त्या जाड झालेल्या असतात, याला पॅकिऑस्टोसिस म्हणतात, आणि आतल्या पोकळ्या हाडाने भरून गेलेल्या असतात, याला ऑस्टिओस्क्लेरोसिस म्हणतात. दोन्ही मिळून पॅकिऑस्टिओस्क्लेरोसिस असा लांबलचक शब्द होतो. उथळ पाण्यात तळाजवळचे समुद्री गवत चरणाऱ्या प्राण्याला ही जड हाडे पाणबुड्याच्या पट्ट्यातल्या शिशासारखी उपयोगी पडतात.

प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या नावांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही, कारण ती बहुतेक सरळ सुटतात. पॅकिसेफॅलोसॉरस म्हणजे जाड डोक्याचा सरडा. बार्नम ब्राउन आणि एरिक श्लायकर यांनी १९४३ मध्ये हे नाव दिले, आणि त्या डायनोसॉरच्या कवटीचा घुमट सुमारे २५ सेंटिमीटर जाड असे. पॅकिपोडियम म्हणजे जाड पायाचे. मादागास्करमधल्या या झाडांच्या फुगीर खोडात पाणी साठते. बागांमध्ये पिवळ्या कणसासारखा फुलोरा देणारे पॅकिस्टॅकिस हे झुडूप म्हणजे जाड कणसाचे. ‘पॅकिडर्म’ हा शब्द मात्र जपून वापरावा. जॉर्ज क्यूव्हिये या फ्रेंच शास्त्रज्ञाने हत्ती, गेंडा, पाणघोडा आणि डुक्कर यांना जाड कातडीच्या आधारे एका गटात घातले होते. तो गट आता मोडीत निघाला आहे, कारण हत्तीचे जवळचे नातेवाईक समुद्री गायी आहेत, गेंड्याचे घोडे आणि टापीर, आणि पाणघोड्याचे देवमासे. गेंड्याच्या कातडीचा वाक्प्रचार भाषेत चालू राहील. वर्गीकरणात तो गट आता नाही.

अहवाल हातात असलेल्या वाचकासाठी ‘कशाच्या तुलनेत जाड’ हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. पॅकिमेट्रीत डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मध्यभागी ती सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर असते. ही तपासणी काचबिंदूच्या संदर्भात करण्याचे कारण असे, की डोळ्यातला दाब मोजणारे उपकरण कॉर्नियावर दाबून आकडा काढते. पडदा जाड असेल तर तो अधिक विरोध करतो आणि दाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, पातळ असेल तर कमी दिसतो. डोळ्याचा दाब वाढलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ कॉर्निया असलेल्यांना काचबिंदू होण्याचा धोका ५८८ मायक्रॉनपेक्षा जाड कॉर्निया असलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. म्हणजे नावात ‘जाड’ असले तरी या तपासणीत काळजी बहुधा पातळपणाची असते. ‘पॅकिमेट्री’चा अर्थ ‘जाडीचे मोजमाप’ एवढाच आहे, ‘जाड निघाले’ असा नव्हे. २०१३ पासून रूढ झालेल्या ‘पॅकिकोरॉइड’ या शब्दात मात्र दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर खरोखर जाड असतो. तरीही त्यासाठी सर्वांना लागू पडणारा एकच आकडा नाही, त्यामुळे दोन अहवालांतले आकडे घरी बसून ताडून पाहण्यात अर्थ नाही.

लहान मुलांच्या एमआरआयमध्ये ‘पॅकिगायरिया’ लिहिलेले असले तर मेंदूच्या घड्या संख्येने कमी आणि रुंद असतात आणि बाहेरचा थर नेहमीच्या दोन ते चार मिलिमीटरपेक्षा जाड असतो. गर्भावस्थेत चेतापेशी आतून बाहेर आपापल्या थरात जाऊन बसतात. हा प्रवास अर्धवट राहिला की असे होते. येथली जाडी म्हणजे न पोहोचलेल्या पेशींची गर्दी आहे, आणि घरच्यांना समजावताना ‘थर जाड आहे’ एवढे सांगून थांबणे योग्य नाही. ‘पॅकिऑनिकिया कन्जेनिटा’ या जन्मजात आजारातही नाव अपुरे पडते. नखे जाड असतात म्हणून ते नाव रूढ झाले, परंतु केराटिन नावाच्या प्रथिनाच्या पाच जनुकांपैकी एकात दोष असल्यामुळे होणाऱ्या या आजारात रुग्णाला खरा त्रास होतो तो तळपायाच्या दुखऱ्या, जाड झालेल्या कातडीचा. याउलट ‘पॅकिडर्मोडॅक्टिली’ हे नाव ऐकायला भयंकर असले तरी त्यात बोटांच्या मधल्या सांध्यांच्या दोन्ही बाजूंची कातडी जाड होते, एवढेच. ती बहुधा तरुण मुलांत दिसते आणि सांध्याला अपाय करत नाही.

शेवटी एक मोठा शब्द स्वतः फोडून पाहावा : ‘पॅकिडर्मोपेरिऑस्टोसिस’. मागून घेतले तर ‘ओसिस’ म्हणजे विकृती, ‘ऑस्ट’ म्हणजे हाड, ‘पेरि’ म्हणजे भोवती, ‘डर्मो’ म्हणजे कातडी, आणि सर्वांत पुढे ‘पॅकि’. जाड कातडी आणि हाडाभोवतीच्या आवरणाची विकृती, असा अर्थ हाती येतो, आणि तो बरोबर आहे : कपाळावरची व चेहऱ्यावरची कातडी जाड होऊन तिच्यावर खोल वळ्या पडतात, बोटांची टोके फुगीर होतात, आणि लांब हाडांवर बाहेरून नवे हाड चढते. तुरेन, सोलांत आणि गोले या तीन फ्रेंच वैद्यांनी १९३५ मध्ये या आजाराला स्वतंत्र ओळख मिळवून दिली. परंतु हा आजार का होतो, ते शब्द कितीही नीट फोडला तरी त्यातून निघत नाही. शरीरात तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचे रसायन मोडून टाकणारे विकर (एन्झाइम), किंवा ते रसायन पेशीत ओढून घेणारा वाहक, जनुकीय दोषामुळे काम करत नाही, आणि ते साचत राहते. यांपैकी पहिला दोष २००८ मध्ये सापडला, म्हणजे नाव पडल्यानंतर ७० हून अधिक वर्षांनी.